तव्यावर पोळी आहे तोवर टाचा उचला

नमस्कार मॅडम, माझं वय ४७. इचलकरंजीत माझं पोळीभाजी केंद्र आहे, हाताखाली दोघी आहेत. पहाटे पाचला ओट्यासमोर उभी राहते ती दुपारी दीडपर्यंत. डाव्या पायाला गुडघ्याच्या खाली आतल्या अंगाने हिरव्यानिळ्या शिरा फुगून वेड्यावाकड्या वर आल्यात. संध्याकाळपर्यंत पाय जड होतो, घोटा सुजतो, रात्री पोटरीत गोळा येतो. माझ्या आईलाही हे होतं. आमच्या डॉक्टरांनी नुसतं बघून सांगितलं, व्हेरिकोज व्हेन्स आहेत, आज ना उद्या ऑपरेशन लागेल. मला ऑपरेशन नको आहे, केंद्र बंद ठेवलं की गिऱ्हाईक तुटतं. शिरांसाठी पाय आवळून धरणारे घट्ट मोजे ऑनलाइन मागवले होते, दोन दिवस घातले, घाम आणि काच, आता कपाटात पडलेत. नणंद म्हणते जळवा लावून घे, व्हॉट्सअॅपवर व्हिनेगर चोळायला सांगतात. ऑपरेशनशिवाय हे बरं होतं का? आणि यंदा आषाढीला वारीत चालायचं मनात आहे, जाऊ का?
– एक पोळीवाली

ताई, पहिलं उत्तर सरळ देऊन टाकते म्हणजे पुढचं वाचताना मनात धाकधूक नको. एकदा फुगलेली शीर मोज्याने, तेलाने, गोळीने किंवा आसनाने परत सपाट होत नाही, कुणी तशी गॅरंटी देत असेल तर पैसे खिशात घाला आणि तिथून उठा. पण तुम्हाला खरा जाच आहे तो जडपणाचा, सुजेचा आणि रात्रीच्या गोळ्याचा, आणि तो ऑपरेशनशिवाय बराच कमी होतो. फुगलेल्या शिरा घेऊन अख्खं आयुष्य काढलेली कितीतरी माणसं आहेत ज्यांच्या पायाला कधी जखम झाली नाही. त्यामुळे ऑपरेशन नको म्हणताय त्यात काही चूक नाही, फक्त त्याला दोनचार अटी आहेत, त्या येतीलच पुढे.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचा स्नायू करतो, तो आवळला की शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर सरकतं, आणि ते परत खाली घसरू नये म्हणून शिरांच्या आत बारीक बारीक झडपा असतात. माहेरी शेती असेल तर विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळायला लागल्यावर काय होतं ते तुम्ही बघितलंच असेल, चढवलेलं पाणी परत विहिरीत. झडपा सैल पडल्या की अगदी तसंच होतं, रक्त खाली साठतं, शीर ताणली जाते, ताणली की झडप अजून सैल होते. हा सैलपणा बऱ्याचदा घराण्यातून येतो (तुमच्या आईला होतं तिथेच अर्धं कळलं), मग बाळंतपणं, वाढलेलं वजन, उभ्याचं काम यांची भर पडते. आता हे बघा, माणूस न हलता उभा असला की घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा दाब असतो आणि तोच माणूस चालायला लागला की धडधाकट पायात हा दाब ३० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. झडपा गळक्या असतील तर इतका उतरत नाही, पण उतरतो. म्हणजे तुम्ही आठ तास राबता म्हणून पाय दुखतो असं म्हणण्यापेक्षा आठ तास एकाच फरशीवर खिळून उभ्या राहता म्हणून दुखतो असं म्हणा.

हे दुखणं आहेच मुळी उभ्याच्या धंद्याचं. कंडक्टर, ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, न्हावी, नर्स, कापडदुकानातल्या मुली, सगळे यात येतात. केरळात तर साड्यांच्या दुकानातल्या बायकांना दिवसभर टेकूही द्यायचे नाहीत, त्यांनी बसायच्या हक्कासाठी आंदोलनं केली आणि २०१८ साली तिथल्या सरकारने दुकानांच्या कायद्यात बदल करून कामाच्या जागी बसायची सोय सक्तीची केली, मग २०२१ ला तमिळनाडूनेही केलं. त्यांना मालकाशी भांडावं लागलं. तुमच्या केंद्रात मालकीण तुम्हीच आहात, मग एक उंच स्टूल आणायला अडलंय कोण?

तर सुरुवात ओट्यापासून. कणीक मळणं उभ्यानेच जमतं हे मान्य, भाजणंही एकवेळ उभ्याने, पण लाट्या करणं, भाजी निवडणं चिरणं, डबे भरणं, फोनवर ऑर्डर घेणं हे सगळं बसून होतं. तिघी आहात तर कामं वाटून कायमची बांधून घेऊ नका, अर्ध्या अर्ध्या तासाने फिरवा, जी भाजतीये तिने मग लाट्यांवर बसायचं. त्या दोघींचे पायही तुमच्याच वाटेने चाललेत, आज नसेल दिसत. आणि उभं राहावंच लागतं तेव्हा खाली एक बुटका पाट ठेवा, एकदा हा पाय त्यावर एकदा तो, आपोआप हालचाल होते.

आता खरी गोष्ट, टाचा. तव्यावर पोळी टाकली की एका हाताने ओटा धरा आणि दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर या, वर क्षणभर थांबा, पोटरी दगडासारखी घट्ट लागली पाहिजे, मग सावकाश खाली. धपकन टाच आपटायची नाही. पोळी होईपर्यंत पाचसहा वेळा होतं. प्रत्येक पोळीला नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरून बसाल आणि मला शिव्या द्याल, पण दर अर्ध्या तासाला दहापंधरा वेळा एवढं धरून चाला. ओला हात, ओली फरशी असेल तर मात्र आधी पुसून घ्या. मी फिजिओथेरपिस्ट आहे त्यामुळे मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही की बहुतेक जणी हा व्यायाम गुडघे वाकवून करतात आणि मग पोटरीचा मोठा स्नायू नीट कामाला लागतच नाही, गुडघे सरळ ठेवा. याशिवाय रोज अर्धा तास चालणं, सपाट चपलेत. उंच टाचेच्या चपलेत पोटरी अर्धवटच आवळते. सायकल चालवता येत असेल, पोहता येत असेल तर उत्तमच.

दुपारी केंद्र बंद झालं की हिशोबाला खुर्चीत बसू नका, आधी आडव्या व्हा. पाय छातीच्या पातळीच्या वर पाहिजेत, इथेच घोळ होतो, लोक सोफ्यावर बसून समोरच्या स्टुलावर पाय ठेवतात आणि म्हणतात मी पाय वर ठेवते की. ते बरं वाटतं, पण तेवढ्याने पुरत नाही. जमिनीवर चटई टाकून भिंतीला पाय लावून झोपा किंवा पायाखाली दोनतीन उशा घ्या, पंधरावीस मिनिटं, आणि तेवढ्यात पावलं वरखाली हलवत राहा. दिवसातून तीनदा जमलं तर बघा. रात्री पलंगाच्या पायथ्याच्या दोन खुरांखाली एकेक वीट द्या, गोळे येणं बऱ्याच जणांचं कमी होतं. झोपल्यावर दम लागत असेल किंवा हार्टचा त्रास असेल तर मात्र विटेचा प्रयोग डॉक्टरांना विचारूनच. पुरुषमंडळी हसतात विटा बघून, हसू द्या.

मोज्यांवर जरा जास्त बोलते कारण तुम्ही जे केलं तेच दहातल्या नऊ जणी करतात, ऑनलाइन साइझ अंदाजाने मागवायची, दुपारी सुजलेल्या पायावर ओढायची आणि मग मोज्यांना नावं ठेवायची. हे मोजे घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर वर जाताना सैल होत जातात, त्यामुळे माप चुकलं तर उलटच होतं, वरचा काठ रबरबँडसारखा काचतो आणि खाली सूज वाढते. माप सकाळी उठल्या उठल्या घ्यायचं, सूज चढायच्या आत. घोट्याच्या वर जिथे पाय सगळ्यात बारीक तिथला घेर, पोटरी जिथे सगळ्यात जाड तिथला घेर, आणि टाचेपासून गुडघ्याच्या खोबणीखालपर्यंतची उंची. गुडघ्यापर्यंतचा मोजा तुम्हाला पुरेल, मांडीपर्यंतचा सारखा घसरतो आणि या उन्हाळ्यात कोणी घालत नाही. दाबाचे क्लास असतात, त्रास सुरू झालेल्यांना साधारण क्लास २ सांगतात, म्हणजे २३ ते ३२ मिलिमीटरचा, पण तो अगदीच झेपत नसेल तर क्लास १ घालणं हे क्लास २ कपाटात ठेवण्यापेक्षा कधीही चांगलं.

घालायची पद्धत अशी. पहाटे पलंगावरून पाय खाली सोडायच्या आधी घालायचा, आंघोळ रात्री करत जा म्हणजे सकाळी घोळ नाही. पाय कोरडा पाहिजे, तेल क्रीम काही नको. हातात भांडी घासायचे रबरी ग्लोव्हज घाला, हसू नका, पकड फक्त त्यानेच येते आणि नखंही लागत नाहीत. मोज्यात हात घालून टाचेचा खिसा आतून चिमटीत धरा आणि मोजा टाचेपर्यंत उलटा करा. आता पाऊल आत सरकवा, टाच बरोबर टाचेच्या खिशात बसली का बघा, मगच उरलेला मोजा थोडा थोडा वर. वरचं टोक धरून लेगिंगसारखा खेचायचा नाही. बसला की तळहाताने (ग्लोव्हज घातलेलेच) खालून वर चोळून सगळ्या सुरकुत्या काढा, आणि लांब झाला म्हणून वर दुमड अजिबात घालू नका, दुमडलं की तिथे दुप्पट दाब. पुढून बोटं उघडी असलेला प्रकार घेतलात तर पावलावर आधी एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवा, मोजा सर्रकन जातो, मग बोटांकडून पिशवी ओढून काढा. रात्री झोपताना मोजा काढायचा आणि तेव्हा पायाला खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावायचं, कातडी कोरडी पडली की खाज, खाजवलं की चट्टा, आणि तिथूनच जखमेची सुरुवात होते. दोन जोड ठेवा, हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. सहाएक महिन्यांनी ताण जातो, मग नवा.

भट्टीसमोर घाम येणारच, त्याला माझ्याकडे जादू नाही. पहिल्या आठवड्यात पहाटेचे दोनतीन तास घाला, मग वाढवत न्या. डाव्याच पायाला त्रास आहे तर एकाच पायात घाला, काही बिघडत नाही.

एक अट इथेच. शुगर असेल, पावलांना बधिरपणा असेल, तंबाखूची सवय असेल किंवा थोडं चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं असं होत असेल तर आधी पायातल्या रोहिण्यांचा, म्हणजे खाली रक्त आणणाऱ्या नळ्यांचा, तपास झाला पाहिजे. घोट्याचं बीपी आणि दंडाचं बीपी मोजून तुलना करतात, सोपी टेस्ट आहे. खाली येणारं रक्तच कमी असेल आणि वरून घट्ट मोजा चढवला तर पाय धोक्यात येतो. आणि सूज दोन्ही पायांना सारखीच असेल तर सगळं बिल शिरांवर फाडू नका, किडनी, हार्ट, थायरॉइड बघावं लागतं, आणि बीपीची अॅम्लोडिपिन नावाची गोळी चालू असेल तर तिच्यानेही घोटे सुजतात, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना दाखवा.

नणंदबाईंच्या जळवा. जळू रक्त ओढते, थोडे दिवस हलकं वाटतं असं सांगणारे आहेत, पण गळकी झडप काही जळू दुरुस्त करत नाही, आणि वर जखम वाहत राहणं, पिकणं याची रिस्क, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर विचारही नको. व्हिनेगरने काही होत नाही. लसणाचा लेप तर लांबच ठेवा, त्याने कातडी चक्क भाजते, आणि या पायावरची जखम भरायला महिने लागतात. मालिश आवडत असेल तर हलक्या हाताने, घोट्याकडून गुडघ्याकडे, गाठींवर रगडायचं नाही. मेडिकलमध्ये डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या मिळतात, हॉर्स चेस्टनटच्या अर्काच्याही मिळतात, त्यांनी जडपणा आणि सूज काही जणांची कमी होते, शीर जात नाही, त्यामुळे डॉक्टरांनी दिली तर दोनतीन महिने घेऊन बघा आणि फरक नसेल तर पैसे वाचवा. वजन पाचसहा किलो उतरलं तर गोळीपेक्षा जास्त उपयोग होईल असं माझं स्पष्ट मत आहे. बद्धकोष्ठ असेल तर तेही बघा, रोज कुंथणं पायाच्या शिरांना चांगलं नाही. पिठाचं अख्खं पोतं एकटीने उचलणं आजपासून बंद.

आता ज्याला घरच्या उपायात बसवायचं नाही ते. घोट्याच्या वर आतल्या बाजूला कातडी तपकिरी-काळी पडायला लागली, चामड्यासारखी कडक झाली, सारखी खाज आणि पाणी सुटायला लागलं, किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर मोजे-व्यायामावर रेटायचं नाही, सर्जनकडे जायचं. शिरेवर लाल, गरम, दोरीसारखी कडक दुखरी रेघ आली तर एकदोन दिवसांत दाखवायचं. एकाच पायाची अख्खी पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली तर त्याच दिवशी, आणि तो पाय चोळायचा अजिबात नाही, आत गुठळी असू शकते. त्याबरोबर दम लागला, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. आणि शीर फुटून रक्त यायला लागलं, जे आंघोळ करताना वगैरे होतं आणि चिळकांडी उडते, तर घाबरून दवाखान्याकडे पळत सुटू नका, तिथेच आडव्या व्हा, पाय वर करा आणि स्वच्छ फडक्याने बोटांनी जिथून येतंय तिथेच दहापंधरा मिनिटं न सोडता दाबून धरा. वर दोरीने करकचून बांधू नका. थांबल्यावर मग दवाखाना. उभ्याच राहिलात तर साध्या शिरेतूनही जिवावर बेतण्याइतकं रक्त जातं. हे तुमच्या हाताखालच्या दोघींनाही सांगून ठेवा.

आणि एक तपास ऑपरेशन करा न करा, करायचाच आहे. नुसतं बघून भागत नाही, पायाचा कलर डॉप्लर लागतो, सोनोग्राफीच असते, सुई नाही काही नाही, आणि झडपांचा तपास उभं करून करतात, नुसतं झोपवून उरकत असतील तर विचारा. कुठली शीर कुठपर्यंत गळतीये आणि आतल्या खोल शिरा मोकळ्या आहेत ना हे त्यात कळतं. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत दाखवलंत तर खर्च कमी येईल.

तुमच्या मनातल्या ऑपरेशनबद्दल पण एक बोलायचंय. मला वाटतं तुमच्या डोळ्यासमोर पूर्वीचं आहे, मणक्यात इंजेक्शन, जांघेत काप, शीर ओढून काढणं आणि मग अंथरूण. ते अजूनही कुठे कुठे करतात, पण आता लेसर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने सुईच्या भोकातून शीर आतून बंद करतात, पाय बधिर करून, आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. फोमचं इंजेक्शनही असतं. ब्रिटनमध्ये नाइस म्हणून सरकारी संस्था आहे, तिने २०१३ साली डॉक्टरांना सांगून ठेवलंय की त्रास असलेल्या पेशंटला आधी हे उपाय द्या आणि नुसत्या मोज्यांवर त्यालाच ठेवा ज्याला हे करता येत नाहीत. मी काही तुम्हाला तिकडे ढकलत नाहीये, तिकडेही काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात आणि खर्च तर आहेच. पण "ऑपरेशन" या शब्दाला घाबरून डॉप्लरच करायचा नाही असं नको. तीनचार महिने वर सांगितलेलं मनापासून करा, फरक पडला तर चालू ठेवा, नाही पडला तर दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्यावर आठवडाभर हात आखडता ठेवून उरकून घेता येईल अशी ही गोष्ट आहे.

वारीला जा की! चालणं तुमच्या पायाला चांगलंच आहे, फक्त आत्तापासून रोजचं चालणं वाढवत न्या, एकदम पहिल्या दिवशी वीस किलोमीटर नको, आणि सगळी वाट नाही जमली तर चारपाच मुक्काम चाला. मोजे घालून चाला, पावसात भिजले तर बदलायला दुसरा जोड पिशवीत वर ठेवा, मुक्कामाला पोचलात की आधी पाय वर. पाळीची तारीख मध्ये येत असेल तर पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका, त्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका वाढू शकतो आणि तुमच्यासारख्या पायाला तो नकोच, डॉक्टरांना शिरा दाखवून मगच काय ते ठरवा. मला काळजी चालण्याची नाहीच, पंढरपुरात पोचल्यावरच्या दर्शनबारीची आहे. तासन् तास मुंगीच्या पावलाने सरकायचं, म्हणजे तुमचा ओटाच की तो. बारीत टाचा उचलत राहा, बसायला मिळेल तिथे बसा, आणि रांग फारच लांब दिसली तर सरळ मुखदर्शनाची धरा.